ओट्यावर विचारलेली तब्येत

अक्का, तुमचे गुडघे कसे आहेत? तिकडे पायऱ्या नसाव्यात अशी आशा आहे, कारण उपकेंद्राच्या तीन पायऱ्या चढताना दारच्या खांबाला धरून तुम्ही जो उसासा टाकायचात तो मला अजून ऐकू येतो. तुमच्या आईंची तब्येत कशी आहे? शेवटी शेवटी त्यांना दिसत नव्हतं. तिकडे दिसायला लागलं असेल तर लेकीचं डोकं पांढरं झालेलं बघून दचकल्या असतील. मास्तरांचा, म्हणजे तुमच्या यजमानांचा दमा? तपकीर सुटली का त्यांची? आणि ती करडी मांजर, जी लशीच्या गार डब्यावरच झोपायची आणि तुम्ही हाकललंत की माझ्याकडे रागाने बघायची, ती कशी आहे? एकेकाचं विचारतेय, कारण "सगळे बरे ना?" असं एका दमात विचारलं की तुम्ही चष्म्यावरून बघायचात आणि म्हणायचात, "सगळे नावाचा माणूस मी अजून तपासलेला नाही."

इकडचं सांगते, तेही एकेकाचं. माझं म्हणाल तर रक्तदाबाची गोळी सकाळी, साखरेची जेवणाआधी, बाकी गाडी रुळावर आहे. डाव्या घोट्यावरचा तो व्रण थंडीत खाजतो, त्याचं पुढे लिहीनच. मुलगा चाळीसगावला मोटारी भरतो, म्हणजे शेतकऱ्यांच्या जळालेल्या पाण्याच्या मोटारींना नवी तांब्याची तार गुंडाळून देतो. दिवसभर वाकून त्याची कंबर धरते. मुलगी धुळ्याला आहे. तिला थायरॉईड आहे आणि राग आहे. थायरॉईडला गोळी आहे. सध्या तो राग माझ्यावर आहे. आणि तिची मुलगी, माझी नात, तिची तब्येत देवाच्या दयेने चांगली आहे, पण आज वही उघडून बसले ती तिच्यामुळेच. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मलीही नव्हती. तुम्ही तिला पाहिलं नाहीत याची मला नेहमी रुखरुख वाटायची. आता वाटतं, पाहिल्यावाचूनच तुम्ही तिला बरंच काही शिकवलंत.

ती तुमच्यासारखीच नर्स झाली, अक्का. धुळ्याला शिकली, तिथेच एका दवाखान्यात तीन वर्षं काढली आणि मग आफ्रिकेत एका तांब्याच्या खाणीवर गेली, खाणीच्या दवाखान्यात. देशाचं आणि कंपनीचं नाव कुठे लिहू नको असं तिने बजावलंय. मी म्हटलं, "अगं, जिला लिहितेय ती कुणाला सांगणार आहे?" तर म्हणाली, "आजी, तुझी वही मामापासून दूधवाल्यापर्यंत सगळे वाचतात." तेही खरंच. कंपनी तरी नेमकी कुणाची म्हणावी? मालक एका देशातले, कचेरी दुसऱ्या देशात, यंत्रं तिसऱ्यातली, यंत्र चालवणारे साहेब चौथ्यातले, आणि खड्डा मात्र पाचव्याच देशातल्या लोकांच्या शेतात. नातीने फोनवर तो खड्डा दाखवला. आपलं अख्खं गाव, मंदिर-मशीद-शाळेसकट, त्यात ठेवलं तरी वरून शोधावं लागेल. खाली उतरणारे डंपर मुंगळ्यांसारखे दिसत होते. मुलाने तो फोटो बघितला आणि मग आपल्या दुकानातल्या तारेच्या रिळाकडे बघितलं. रावेरच्या केळीला पाणी देणारी मोटार ज्या तारेवर फिरते ती कुठून तरी येत असणारच, हे आम्हाला कळत होतं. कुणाच्या दारातून येते एवढंच कधी विचारलं नव्हतं.

कंपनीचा दवाखाना दिखाऊ नाही, हे आधी सांगते, नाहीतर तुम्हीच मला एकतर्फी बोलते म्हणून झापाल. कामगारांची वर्षातून दोनदा तपासणी होते. छाती बघतात, रक्त बघतात, कान बघतात. औषधं खरी, सुया नव्या. आपल्याकडे एकच काचेची सिरिंज उकळून उकळून तुम्ही किती वर्षं चालवलीत ते आठवून मला हेवाच वाटला. पण हे सगळं तारेच्या कुंपणाच्या आत. कुंपणाच्या बाहेर, उताराला एक गाव आहे, आणि खाणीच्या बाजूने येणारा एक नाला त्या गावातून जातो. दगडातून तांबं सोडवायला तेजाब वापरतात, म्हणे. ते वापरलेलं पाणी मोठ्या तळ्यात साठवतात, आणि पाणी जिथे साठवलंय तिथून झिरपणार नाही असं कोण छातीठोक सांगेल? दवाखान्याच्या चादरी धुणारी एक बाई त्याच गावातली. तिने एक दिवस नातीला आपलं कमरेचं रंगीत कापड उजेडापुढे धरून दाखवलं. बारीक बारीक भोकं, पीठ चाळावं अशी. ती म्हणाली, "दवाखान्याच्या चादरी मी इथल्या नळावर धुते, त्या वर्षानुवर्षं टिकतात. माझी कापडं नाल्यावर धुते, ती तीन महिन्यांत अशी होतात. साबण तोच, हात तेच." मी मनात म्हटलं, बाई हुशार आहे. धुणाऱ्या बाईला पाण्याची जात डॉक्टरआधी कळते.

थोड्या दिवसांनी कंपनीने त्या गावाच्या आरोग्याची पाहणी काढली. दरवर्षी काढतात. नातीला त्या पथकात घातलं. तिने मला फोन केला तो इथल्या चहाच्या वेळी, तिची तिथे जेवणाची सुट्टी असते. आवाज जरा चढलेलाच होता.

"झाली पाहणी. पांढऱ्या गाडीतून गेलो, आंब्याच्या झाडाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. गावाचा मुखिया आला, चार म्हातारे आले. एकेक प्रश्न वाचून दाखवला. ताप? नाही. पोटाचा त्रास? नाही. कातडीचा? नाही. आता मी सही करायची की गावात काही तक्रार नाही. पण आजी, ती धुणारी बाई मला आठवते आणि पेन उचलवत नाही."

मी विचारलं, "बायका कुठे होत्या?"

"कुठल्या बायका?"

"गावात बायका असतीलच की गं."

"असतील ना. पाण्यावर गेल्या असतील."

"आणि तू झाडाखाली."

"मग आजी, खुर्च्या तिथे होत्या!"

मला हसू आलं आणि पाठोपाठ घोट्यावरचा व्रण खाजला. तिला म्हटलं, सही थांबव दोन दिवस, तुला एक गोष्ट सांगायची आहे. आणि अक्का, मी तिला तो आपला उन्हाळा सांगितला.

आता तुम्हालाच तुमची गोष्ट काय सांगू, पण मला लिहून काढू द्या. हल्लीच्या मुलांना नारू म्हणजे काय तेसुद्धा सांगावं लागतं. नातीने पुस्तकात दोन ओळी वाचल्या होत्या. तिला म्हटलं, पायऱ्यांच्या विहिरीतल्या पाण्यातून पोटात जातो, वर्षभर कुठे असतो कुणाला कळत नाही, आणि मग एक दिवस पायावर फोड येऊन त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा बाहेर डोकावतो. आग इतकी होते की माणूस पाय पाण्यात घालतो, आणि पाय पाण्यात घातला की त्या पाण्यात पुन्हा नारूची पैदास. म्हणून नारूचा एकच माणूस राहून गेला तर सगळं गाव राहून गेलं, हे तुमचं वाक्य. वरून हुकूम आला होता की घरोघर विचारा, एकेक माणूस शोधा, विहिरीत औषध टाका, पाणी दुपदरी फडक्यातून गाळायला सांगा. मी तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांची, उपकेंद्रात अर्धवेळ मदतनीस. शाळा तिसरीत सुटलेली. अक्षरं पुन्हा जुळवली ती तुमच्या रजिस्टरवर, औषधांच्या खोक्यांवर. पहिला शब्द मी आपला आपण वाचला तो 'थंड जागी ठेवा', आणि तुम्ही म्हणालात, "घे, हे तुझ्या डोक्यालाही लागू आहे."

अर्धं गाव तुमच्यासाठी ओट्यापर्यंतच होतं. तुम्ही बौद्ध. लेकरू अडलं की तुम्हाला बोलवायचे, बाळंतपणाच्या खोलीत तुमचे हात चालायचे, पण बाळ रडलं की तुम्ही बाहेर आणि कपबशी वेगळी. तुम्ही कधी आवाज केला नाहीत. तुम्ही काम बघितलंत. मी पाटलांच्या भावकीतली, मला चुलीपर्यंत जाता येत होतं, म्हणून त्या घरांमध्ये तुम्ही मला पाठवलंत आणि बजावून पाठवलंत, "ओट्यावर विचारू नकोस. ओट्यावर आजार राहत नाही. आत जा. चुलीपाशी बस, एकेकाचं नाव घे, पायावरचं लुगडं वर करून बघ." मी मान हलवली आणि गेले.

पायऱ्यांच्या विहिरीला लागून ज्या नानांचं घर होतं, तिथे मी पोचले तेव्हा उन्हं डोक्यावर होती. नाना ओट्यावर बाजेवर बसले होते. चांगला माणूस, अक्का. मला लेकीसारखं मानायचे. "ये वं बेटी, उनमा काय फिरस? पानी पी पहिलं," म्हणाले आणि आत हाक मारली. सून घुंगट ओढून तांब्या ठेवून गेली. मी दोन तांबे पाणी प्यायले, त्याच विहिरीचं, न गाळलेलं. मग मी विचारलं, "नाना, घरात कुणाला नारू?" नाना हसले. "कोनले काही नही. बठ्ठं बेस शे." आणि मी निघताना जरा आवाज उतरवून म्हणाले, "तुनी नर्सबाईले सांगजो, आमनी विहीरमा काही टाकानं नही. ती विहीर आमना बापदादानी शे." मला सगळं कळलं. औषधाला त्यांची हरकत नव्हती. औषध टाकणाऱ्या हाताला होती. आणि मी काय केलं? ओट्यावरच बसल्या बसल्या नानांच्या घरापुढे लिहिलं, सर्व ठीक. अक्षर सुंदर काढलं, तुमच्याकडून शाबासकी मिळावी म्हणून.

सून लंगडत होती. तांब्या ठेवताना तिचा एक पाय टाचेवरच टेकत होता, हे मी पाहिलं होतं. पाहून न पाहिल्यासारखं केलं. सासऱ्यासमोर सुनेचा पाय कसा विचारायचा? आपल्याकडे कुणी ज्येष्ठ माणूस बेस शे, सगळं बरं आहे, म्हणाला की त्याच्यापुढे जाऊन आत डोकावणं म्हणजे त्याला खोटं पाडणं. हा आपला शिष्टाचार. मी तो पाळला.

दीड महिन्याने तुम्हाला कळलं. ती सून पाण्यावर भेटली तेव्हा तुम्ही तिचा पाय पाहिलात. अख्ख्या उन्हाळ्यात ती रोज त्या पायाने विहिरीच्या पायऱ्या उतरत होती. "माय, कोनले सांगू नको," असं ती तुम्हाला म्हणाली. तुम्ही उपकेंद्रात आलात, रजिस्टर उघडून माझ्यापुढे ठेवलंत आणि त्या ओळीवर बोट ठेवलंत. ओरडलात असतात तर बरं झालं असतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "मला आत जाता आलं असतं तर तुला पाठवलं नसतं." आणि ते बोट काढून मांजरीला हाकलायला गेलात. गेली चाळीस वर्षं मला कुणी काही बोललं, सासूने, साहेबांनी, लेकीने, तरी ते खाली बसतं. ते वाक्य अजून उभं आहे.

पुढच्या वर्षी त्या गल्लीत घरटी एकाला नारू निघाला. मलाही निघाला, डाव्या घोट्यावर. तो काही एका दिवसात ओढून काढता येत नाही, तुटला तर पाय सडतो. बारीक काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा, दोन बोटं, कधी एक. तीन आठवडे तुम्ही माझा पाय आपल्या मांडीवर घेऊन बसलात. त्या तीन आठवड्यांत तुम्ही मला एकदाही म्हणाला नाहीत की बघ, कुठल्या पाण्याचा आहे हा. काडी फिरवता फिरवता मला जोडाक्षरं शिकवत राहिलात. 'व्रण' लिहायला मी त्याच दिवसांत शिकले.

हे सगळं ऐकून नात म्हणाली, "पण आजी, मला तिथली भाषा येत नाही. पथकाबरोबर दुभाषी होता."

"पाणी भरायला भाषा लागत नाही. त्या धुणाऱ्या बाईला विचार, येऊ का तुझ्याबरोबर म्हणून. एक डबा घे. दवाखान्याचे कपडे घालू नकोस."

"आणि तिथे जाऊन काय विचारू?"

"काहीच नको. डबा भर. तुला जमणार नाही, त्या हसतील. हसल्या की बोलतील."

रविवारी ती गेली. तसंच झालं, अक्का! डबा डोक्यावर घेतला आणि चार पावलांत अर्धा अंगावर सांडला. बायका पोट धरधरून हसल्या, आणि एका म्हातारीने तिच्या ओल्या दंडाला हात लावून धुणाऱ्या बाईला काहीतरी सांगितलं. त्या बाईला इंग्रजी येत होतं, ती नातीला म्हणाली, "म्हणते की लगेच पुसून टाक, आग होईल." तिथून सुरू झालं. एकेकीने हात पुढे केले. बोटांच्या बेचक्यांत कातडी सोललेली. पोरांची पोटं दुखतात, उलट्या होतात, आणि पावसाळ्यात, तळं भरलं की जास्त. वारा खाणीच्या तांबं वितळवायच्या भट्टीकडून वाहिला की धुराने लहानग्यांचा घसा बसतो, मक्याची पानं कडेने करपतात. मासे तर केव्हाच गेले. नात एकेका घराचं, एकेका माणसाचं लिहीत गेली, अगदी कोंबड्यांपर्यंत. लघवीचा आंबटपणा तपासायची पट्टी तिने बरोबर नेली होती. ती नाल्यात बुडवली तर रंग डबीवरच्या पहिल्या चौकोनाच्याही पलीकडे गेला, नुसता केशरी. "याला पुरावा म्हणत नाहीत, आजी," ती म्हणाली, "पण आंबट आहे एवढं मला कळलं." तुम्ही मला दिलेलं ते दुपदरी गाळणं, कडेने हातशिलाई घातलेलं, मी तिला जाताना बॅगेत घातलं होतं. ते आठवून मी भाबडेपणाने विचारलं, गाळून पाजता येईल का? ती म्हणाली, "नाही गं. नारू फडक्यात अडकायचा. हे विरघळलेलं असतं, हे कशातच अडकत नाही." एवढ्या वर्षांत तुमच्या फडक्याला मी पहिल्यांदाच हरताना पाहिलं. त्या पाण्याला वरच अडवायला हवं, जिथून येतं तिथेच.

तिचे मोठे डॉक्टर आपल्याच देशातले, स्वभावाने वाईट नाहीत. तिचे कागद त्यांनी नीट वाचले. मग म्हणाले, "सिस्टर, कुंपणाच्या आतले आपले. बाहेरचे इथल्या सरकारचे. आपण कुठे पुरे पडणार?" ती म्हणाली, "सर, नाला आतून बाहेर जातो." ते म्हणाले, "सही करा आणि हे दुसरं तुमच्याजवळ ठेवा." तिने सही केली. पण सहीच्या वर आपल्या हाताने लिहिलं: 'झाडाखाली विचारलं तेव्हा तक्रार नव्हती. पाण्यावर विचारलं तेव्हा पुढीलप्रमाणे तक्रारी आहेत.' आणि सगळी घरं जोडली. एक प्रत तिथल्या सरकारी आरोग्य अधिकाऱ्याला दिली, एक त्या मुखियाला. मुखियाने ती वाचून घेतली आणि म्हणाला, "शाळेचं छप्पर त्यांनी दिलं आहे, मुली. मी त्यांच्या खुर्चीवर बसून काय बोलणार होतो?" मला आपले नाना आठवले. वाईट तोही नसेल.

सध्या असं आहे की गावात रोज टँकर येतो आणि नाल्याच्या काठी पाणी पिऊ नये अशी पाटी लागली आहे. कंपनीच्या प्रयोगशाळेचं म्हणणं की पाणी ठीक आहे. पिण्यायोग्य आहे तर पाटी कशाला, असं धुणाऱ्या बाईने साहेबाला तोंडावर विचारलं. सरकारने आपल्या बाटल्या भरून राजधानीला नेल्यात, त्याचं उत्तर यायचं आहे. नातीला वॉर्डातून काढून औषधांच्या खोलीत खोकी मोजायला बसवलंय आणि तिचा करार पुढे वाढेल असं दिसत नाही. म्हणून माझी लेक माझ्याशी धड बोलत नाही. "तुला काय गरज होती तिला नको ते शिकवायची? स्वतः अर्धवेळ होतीस, हिला बिनवेळ करून सोड," म्हणाली. बोलू दे. नोकरी गेली तर नातीचे हात तेच राहणार आहेत, आणि त्या हातांना धुळ्यात, जळगावात, कुठेही काम आहे. त्या गावाला दुसरा नाला नाही. उत्तर येईल, आणि बाटल्यांनी काहीही सांगितलं तरी त्या घरांची यादी आता कुणाला पुसता येणार नाही, याची मला खात्री आहे. तुमचं रजिस्टर असंच होतं. त्यात एकच ओळ खोटी होती.

आता ज्यासाठी वही उघडली ते. परवा नातीचा फोन आला. त्या रविवारची एक गोष्ट राहिली होती म्हणाली. परत निघताना म्हातारीने तिला घरात नेलं आणि पाणी दिलं. नाल्याचं नव्हे. डोंगरापलीकडच्या हातपंपावरून कोसभर चालून आणलेलं, पाहुण्यासाठी झाकून ठेवलेलं. "मी प्यायले आजी, सगळं प्यायले," ती म्हणाली. "माझ्यासमोर त्यांची पोरं उभी होती आणि मी ते चांगलं पाणी पीत होते. नाही म्हणणं बरोबर झालं असतं का?" मी म्हटलं, नाही, प्यायलीस ते चांगलं केलंस. मग तिने सहज विचारलं, "तू जायचीस ना तुझ्या अक्कांच्या घरी? तुझा पाय त्या मांडीवर घ्यायच्या ते तिथेच ना?" हो, म्हटलं, क्वार्टरमध्येच. बुद्धाच्या छोट्या मूर्तीखाली चटई टाकायच्या. "त्यांच्याकडे पाणी कसं असायचं? गाळलेलं?"

मी म्हटलं, आवाज तुटतोय गं, आणि फोन ठेवला. आवाज अगदी स्वच्छ येत होता.

अक्का, गाळलेलं असायचं. उकळून, गाळून, माठात, त्यावर ताटली, ताटलीवर पितळी पेला पालथा. गावातलं सगळ्यात स्वच्छ पाणी तुमच्या घरात होतं आणि ते मी कधीच प्यायले नाही. दरवेळी तुम्ही विचारायचात आणि मी म्हणायचे, तहान नाही अक्का, आत्ताच पिऊन आले. तीन आठवडे पाय तुमच्या मांडीवर, उन्हाळ्याचे दिवस, जीभ टाळ्याला चिकटलेली, आणि मी म्हणत होते तहान नाही. सासूला काय सांगू, भावकीत काय होईल, एवढंच डोक्यात. शेवटच्या दिवशी नारूचं टोक सुटून आलं, तुम्ही काडी फेकलीत, हात धुतलेत, आणि सवयीने पेला भरून माझ्यापुढे केलात. मग तुमचं तुम्हालाच आठवलं आणि तुम्ही तो हसून स्वतः प्यायलात. मला पाणी गिळल्याचा आवाज ऐकू आला.

तुम्हाला ठाऊक होतं हे मला ठाऊक आहे. पण मी कधी सांगितलं नाही, म्हणून सांगते. तहान होती, अक्का. दरवेळी होती.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला माहीत नाही, म्हणून वहीतच राहील. तरी तुमच्या गुडघ्यांचं, आईंच्या डोळ्यांचं, मास्तरांच्या दम्याचं एकेकाचं लिहा, बेस शे एवढंच लिहून चालायचं नाही. आणि जरा लवकर लिहा.